दारातल्या दहा मिनिटांचं विज्ञान

नोव्हेंबर 2008 मध्ये कॅलिफोर्नियात एक सार्वमत झालं. समलिंगी विवाहांना तिथे काही महिन्यांपूर्वीच मान्यता मिळाली होती. ती काढून घ्यावी, असा कौल सुमारे 52 टक्के मतदारांनी दिला. हरलेली बाजू अशा वेळी सहसा दोन गोष्टी करते. एकतर कोर्टात जाते, नाहीतर विरोधकांना नावं ठेवते. लॉस एंजेलिसच्या एलजीबीटी सेंटरच्या कार्यकर्त्यांनी तिसरीच वाट धरली. डेव्ह फ्लायशर या मुरलेल्या संघटकाच्या पुढाकाराने, ज्या वस्त्यांनी आपल्या विरोधात मत दिलं तिथेच ते दारोदार जाऊ लागले. विचारायचं एवढंच, की तुम्ही असं मत का दिलंत?

सुरुवातीला ते हक्क आणि समता यांवर बोलत. समोरचा मान डोलवायचा आणि आपल्या मतावर कायम राहायचा. या भेटींचं चित्रीकरण होत असे. ते पाहून पद्धत हळूहळू बदलत गेली आणि शेवटी संवादाला एक ठरावीक वळण आलं. आधी समोरच्याला त्याचं मत मोकळेपणाने मांडू द्यायचं. उत्तर कितीही बोचलं तरी चेहऱ्यावर आठी येऊ द्यायची नाही. मग त्याच्याच आयुष्याबद्दल विचारायचं: तुम्ही वेगळे आहात म्हणून लोकांनी तुम्हाला कधी कमी लेखलं होतं का? आणि आपल्यावर आलेला तसा प्रसंगही सांगायचा. वाद घालायचा नाही. बोलणं संपत आलं की पुन्हा विचारायचं, आता तुम्हाला काय वाटतं?

डिसेंबर 2014 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला आणि ही पद्धत जगभर गाजली. वीसेक मिनिटांच्या अशा एका भेटीने मतं बदलतात आणि नऊ महिन्यांनंतरही तो बदल टिकतो, असा त्याचा दावा होता. लेखकांपैकी एक लॉस एंजेलिसमधला पीएचडीचा विद्यार्थी होता. दुसरे कोलंबिया विद्यापीठातले नावाजलेले राज्यशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रीन.

डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला हे बर्कलेमधले दोन तरुण संशोधक या निबंधाने भारावून गेले आणि तोच प्रयोग पुढे न्यायच्या तयारीला लागले. तयारी करताना त्यांना खटकलं, की सर्वेक्षणाला जेवढा प्रतिसाद त्या विद्यार्थ्याला मिळाला, तेवढा आपल्याला काही केल्या मिळत नाही. त्यांनी सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीकडे चौकशी केली, तर असं कुठलं काम केल्याचं कंपनीला ठाऊकच नव्हतं. आकडे तपासल्यावर ते 2012 च्या एका जुन्या सर्वेक्षणाशी संशय यावा इतके जुळले. मे 2015 मध्ये दोघांनी, येलच्या पीटर अॅरोनाव यांच्यासह, हे सगळं जाहीर केलं. ग्रीन यांनी स्वतःच निबंध मागे घेण्याची विनंती केली आणि महिना संपायच्या आत 'सायन्स'ने तो मागे घेतला.

या प्रकरणातला फसवणुकीचा भाग पुष्कळ चघळला गेला. मला त्यानंतरचा भाग जास्त मोलाचा वाटतो. 'म्हणजे ही पद्धतच खोटी' असं म्हणून मोकळं होणं ब्रूकमन आणि काला यांना सहज शक्य होतं. पण पुरावा बनावट निघाला म्हणजे दावा खोटा ठरत नाही. तो तपासला गेलेला नाही, एवढंच सिद्ध होतं. म्हणून त्यांनी तो तपासला.

प्रयोग झाला मायामीत. तिथल्या काउंटीने, म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाने, 2014 च्या अखेरीस ट्रान्सजेंडर व्यक्तींना भेदभावापासून संरक्षण देणारा नियम केला होता आणि त्याविरुद्ध प्रतिक्रिया उमटेल अशी धास्ती होती. 56 स्वयंसेवक 501 मतदारांच्या दारात गेले. कुणाच्या दारात कोणता विषय काढायचा हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं होतं. काहींशी ट्रान्सजेंडर लोकांविषयी बोलणं झालं, बाकीच्यांशी कचऱ्याच्या पुनर्वापराविषयी. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देतात, तसा हा पुनर्वापराचा विषय. त्यामुळे, घरी कुणी येऊन आपुलकीने बोललं म्हणूनच लोक मवाळ झाले असतील, ही शंका निकालात निघते. भेटी साधारण दहा मिनिटांच्या होत्या. नंतरची सर्वेक्षणं वरवर या भेटींशी संबंध नसलेली अशी ऑनलाइन घेतली, म्हणजे पाहुण्याला बरं वाटावं म्हणून उत्तर द्यायचा प्रश्नच आला नाही.

निकाल एप्रिल 2016 मध्ये छापून आला, तोही 'सायन्स'मध्येच. ट्रान्सजेंडर लोकांविषयीचा आकस खरोखर कमी झाला होता आणि तीन महिन्यांनंतरही तो फरक दिसत होता. 1998 ते 2012 या चौदा वर्षांत समलिंगी लोकांविषयी सरासरी अमेरिकन माणसाचं मन जेवढं निवळलं, त्याहून हा बदल मोठा होता. मागे घेतलेल्या निबंधातला एक गाजलेला दावा मात्र टिकला नाही. ज्याच्याविषयी बोलणं चाललंय त्या समूहातलाच स्वयंसेवक हवा, असं त्यात म्हटलं होतं. मायामीत ट्रान्सजेंडर नसलेल्या स्वयंसेवकांनाही यश आलं.

आता खरा प्रश्न: यातला नेमका कोणता भाग काम करतो? ऐकून घेणं ही निव्वळ सभ्यता आणि काम करतो तो युक्तिवाद, असंही असू शकतं. काला आणि ब्रूकमन यांनी 2020 मध्ये याचा छडा लावला. तीन प्रयोग, 230 स्वयंसेवक, अमेरिकेतल्या सात ठिकाणचे 6,869 मतदार. पहिल्या प्रयोगाचा विषय होता कागदपत्रांविना राहणारे स्थलांतरित. काही घरांत फक्त युक्तिवाद केला. काही घरांत तेच युक्तिवाद, पण जोडीला समोरच्याला न जोखता ऐकणं आणि एकमेकांचे अनुभव सांगणं. नुसत्या युक्तिवादाचा परिणाम झाला नाही. अनुभवांची देवाणघेवाण असलेल्या भेटींचा झाला आणि तो निदान चार महिने टिकला. परिणाम लहान होता, हेही सांगायला हवं. दहा मिनिटांत कुणी आरपार बदलत नाही, आणि तसा दावा कुणी केलाच तर त्याचे आकडे आधी मागावेत.

असं का होत असावं, याचा एक धागा व्यसनमुक्तीच्या कामात सापडतो. विल्यम मिलर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ 1982 मध्ये नॉर्वेत बेर्गनजवळच्या एका उपचार केंद्रात होते. दारू सोडवण्याच्या कामात तेव्हा रुग्णाला फैलावर घेण्याचा बराच प्रघात होता. मिलर यांना उलटंच दिसलं. पिणाऱ्याच्या मनात सोडावी आणि सोडू नये, असे दोन्ही सूर असतात. समुपदेशकाने पहिला सूर बळकावला की रुग्णाच्या वाट्याला दुसराच उरतो, आणि तो इमानेइतबारे त्याची वकिली करू लागतो. मिलर आणि सहकाऱ्यांच्या 1993 च्या अभ्यासात, समुपदेशकाने जितका वाद घातला तितकं रुग्णाचं पिणं वर्षभरानंतर जास्त आढळलं. अर्थात, मुळातच आडमुठे रुग्ण समुपदेशकाला वादात ओढत असतील, ही शक्यता उरतेच.

याचा अर्थ तथ्यं सांगणं फुकट जातं, असा मात्र नाही. 2010 मध्ये ब्रेंडन नायहान आणि जेसन रीफलर यांना एका प्रयोगात असं दिसलं, की चूक दुरुस्त करून दिली तर काही लोक त्या चुकीला आणखी घट्ट धरून बसतात. ही कल्पना इतकी लोकप्रिय झाली की 'पुरावे देऊन उपयोगच नाही' हे सुशिक्षितांचं आवडतं वाक्य झालं. पुढे थॉमस वुड आणि इथन पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर 52 मुद्दे तपासून पाहिले. तो उलटा परिणाम जवळपास कुठेच सापडला नाही. मग चौघांनी मिळूनच पुढचा प्रयोग केला. दावा मांडणारे दोघे आणि तो खोडणारे दोघे, एकाच निबंधावर! त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्या भाषणातले गुन्हेगारीविषयीचे दावे घेतले. दुरुस्ती वाचल्यावर ट्रम्प यांच्या समर्थकांचीही माहिती सुधारली. ट्रम्प यांच्याविषयीचं त्यांचं मत मात्र जागचं हललं नाही. म्हणजे आकडा चुकला असेल तर तो सांगावा, माणसं तो स्वीकारतात. त्या आकड्यावर त्यांची निष्ठा उभी असेलच असं नाही.

आपल्याकडे ग्रहणात गरोदर बाईने विळी-सुरी हातात धरू नये असं मानणारी घरं अजून आहेत. समजा सुनेला हे पटत नाही. पृथ्वीची सावली नि चंद्राची कक्षा समजावून सांगण्याआधी तिने विचारलं, "आई, तुमच्या वेळी कसं होतं? तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे?" तर उत्तरात खगोलशास्त्र नसतंच बहुधा. कुणाची तरी दगावलेली बाळंतीण असते, पहिलटकरणीची धास्ती असते. त्या धास्तीचा आदर करता येतो, ग्रहणाविषयी वेगळं मत ठेवूनही. अर्थात वरचे प्रयोग झाले ते अनोळखी माणसांत. सासू-सुनेत घरातला अधिकार कुणाचा, हा प्रश्न आधीच येऊन बसलेला असतो. तिथे हीच पद्धत किती चालेल हे या आकड्यांवरून सांगता येत नाही.

मर्यादाही आखायला हवी. ऐकून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे, आणि समजुतीच्या नावाखाली कुणाला इजा होत असेल तर तिथे संवादाची वाट बघत बसू नये. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही मनातल्या श्रद्धेला हात लावत नाही. जोडलेल्या यादीत नोंदवलेल्या अघोरी कृत्यांना लावतो. शिवाय ऐकण्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. मायामीतल्या ट्रान्सजेंडर स्वयंसेवकांना स्वतःविषयीचे वाईट शेरे दारात उभं राहून शांतपणे ऐकावे लागत होते. ही अपेक्षा प्रत्येकाकडून करणं मला अन्यायाचं वाटतं. ज्याला शेरा लागत नाही, त्यानेच पुढे होऊन ऐकावं, आणि त्यालाही हे जमतं हे त्याच प्रयोगाने दाखवलं आहे.

एक हिशोब राहिला. मायामीत पहिल्या सर्वेक्षणासाठी 68 हजारांहून जास्त मतदारांना पत्रं गेली होती. सर्वेक्षण भरलं अठराशेहून थोड्या अधिक लोकांनी. दारात भेटले त्यातले 501. ज्यांनी पत्र न उघडताच टाकून दिलं, किंवा बेल वाजल्यावर दार उघडलं नाही, त्यांच्याबद्दल हा प्रयोग काहीच सांगत नाही.