गजकर्ण म्हणून खपलेला सोरायसिस

चुलतीच्या काखेत आणि छातीखालच्या घडीत लालसर चट्टे उठले, तेव्हा गावातल्या मेडिकलवाल्याने न बघताच गजकर्णाची ट्यूब हातावर ठेवली. लावली की आठ दिवसांत आराम, सोडली की दुपटीने वर. अशी दोन वर्षं गेली. पुढे बीडला ज्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं, त्यांनी चट्ट्यांच्या आधी तिची नखं पाहिली. नखांवर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बारीक खड्डे होते. मग कानामागे पाहिलं, बेंबीत पाहिलं. चट्टा खरवडून पोटॅशच्या थेंबात तपासला, तर बुरशी नाहीच. "काकू, हे गजकर्ण नाही, सोरायसिस आहे." पण सोरायसिस म्हणजे कोपर-गुडघ्यांवर चांदीसारखे पापुद्रे, एवढंच आम्हाला ठाऊक. घडीत घामामुळे पापुद्रा टिकत नाही, कातडी नुसती तुकतुकीत लाल दिसते, हे तेव्हा कळलं.

दुसऱ्याच्या नावावर खपायची या रोगाची खोड जुनी आहे. चरकसंहितेत १८ कुष्ठं, म्हणजे कातडीचे रोग, सांगितली आहेत, ७ महाकुष्ठं आणि ११ क्षुद्रकुष्ठं. त्यातल्या एककुष्ठाचं वर्णन असं : घाम येत नाही, जागा मोठी व्यापतं, माशाच्या खवल्यांसारखं दिसतं. आजचे वैद्य सोरायसिस त्याच्याशी जुळवतात. घोटाळा पुढे झाला. कुष्ठ हा शब्द आपल्या बोलण्यात महारोगापुरता उरला, त्याच शब्दातून आलेला 'कोड' पांढऱ्या डागांना चिकटला, आणि खपल्यांचा माणूस मधल्या मधे अडकला. युरोपातही तेच. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी १८०८ मध्ये या रोगाचं नेमकं वर्णन केलं, पण त्याच्या एका रूपाला नाव दिलं 'लेप्रा', म्हणजे महारोगाचंच नाव. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रांनी १८४१ मध्ये ते नाव काढून टाकलं, तेव्हा कुठे सोरायसिस महारोगापासून सुटा झाला. आपल्या गावांतून तो अजून पुरता सुटलेला नाही. खरं तर फरक ओळखायला कापसाचा बोळा पुरतो. महारोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही, सोरायसिसच्या चट्ट्यावर कळतो, वर खाजही असते.

गजकर्णाशी झालेल्या गल्लतीतून मात्र एकदा चांगलं निघालं. ब्राझीलच्या एका झाडाची भुकटी पोर्तुगीजांमार्फत गोव्यात आली आणि 'गोवा पावडर' म्हणून गजकर्णावर चालू लागली. १८७० च्या दशकात लंडनच्या बाल्मानो स्क्वायर यांच्या एका रुग्णाने आपला सोरायसिस गजकर्ण समजून ती चोळली, आणि चट्टे गेले. तिच्यातल्या द्रव्यावरून पुढे १९१६ मध्ये जर्मनीत डिथ्रॅनॉल हे सोरायसिसवर लावायचं औषध तयार झालं.

सोरायसिसचं पाठ्यपुस्तकातलं ठरलेलं चित्र गोऱ्या कातडीवरचं आहे, हेही विसरून चालत नाही. आपल्या रंगावर तो लाल दिसेलच असं नाही. जांभळट, तपकिरी, राखाडीही दिसतो.

हाइनरिख कोबनर यांनी १८७२ मध्ये मांडलेलं निरीक्षण तर आपल्याकडेच लिहिल्यासारखं वाटतं. कातडीला जिथे इजा होते, तिथे नवा चट्टा उठतो. त्यांच्या रुग्णाला ओरखड्यांवर, घोडा चावला होता तिथे आणि गोंदणावर चट्टे आले होते. आता ऊसतोडीचा हात डोळ्यांपुढे आणा. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते, ऐन थंडीत कोयता चालतो, पाचट ओरबाडतं, आणि थंडीत हा रोग तसाही चाळवतो. तळहात जाड होऊन चिरतात. बाईला वाटतं, कोयत्याचे घट्टे. पायांच्या चिरांना भेगा म्हणायचं, डोक्यातल्याला कोंडा, आणि घसा दुखून गेल्यावर पोराच्या अंगभर थेंबाथेंबाने उठलं तर उष्णता. कामाच्या माणसाला चिरलेला तळहात दाखवायला दवाखान्यात जायला सुचत नाही, त्यात नवल काही नाही.

काही रूपं मात्र औषधानेच घडवलेली असतात. कडक स्टेरॉइडची मिश्र मलमं चट्ट्याची कड पुसतात, मग जाणत्या डॉक्टरलाही ओळख पटत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीच्या बंधनात आणली. काउंटरवर ते बंधन किती पाळलं जातं, हे प्रत्येकाने आपापल्या गावात पाहावं. पोटातून घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबलं तर त्याहून वाईट : ताप भरून अंगभर पूसारखे फोड येतात, किंवा सगळी कातडी लाल होऊन सोलते. लिओ फॉन त्सुंबुश यांनी १९१० मध्ये असा फोडांचा सोरायसिस वर्णिला, तेव्हा स्टेरॉइड मलमं जन्मायची होती. त्या रूपामागे काही जणांत एका जनुकाचा दोष असतो, हे २०११ मध्ये उलगडलं.

चुलतीचे तळवेही चिरायला लागल्यावर मेथोट्रेक्सेट सुरू झालं. गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून ती दर सोमवारी गोळी घेतली की कॅलेंडरच्या त्या चौकटीत कपाळाची टिकली चिकटवते.