कुऱ्हाडवाला जोकर आणि रेंगाळणारं ॲड्रेनलिन

"असली मारकाट बघणाऱ्या पोरांच्या डोक्यात बिघाड असतो बघा," सांगलीतल्या विश्रामबागच्या एका चहाच्या गाड्यावर एक निवृत्त मास्तर ठासून सांगत होते. विषय त्यांच्या नातवाचा. पोरगा मोबाईलवर कसलासा स्वस्तातला परदेशी सिनेमा बघतो: तोंड रंगवलेला जोकर, हातात कुऱ्हाड, थोड्या थोड्या वेळाने एक मुंडकं. आणि पोरगा खिदळतो. मलाही असले सिनेमे बेहद्द आवडतात, त्यामुळे मी पक्षपाती आहे. तरी मास्तरांचं निदान चुकलं होतं.

आधी रक्ताच्या आवडीचं बघू. 1990च्या दशकात हाइट, मॅकॉली आणि रोझिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना खऱ्या चित्रफिती दाखवल्या: कत्तलखाना, चेहऱ्यावरची शस्त्रक्रिया. नको वाटलं तर बंद करायची मुभा होती. बहुतेकांनी मध्येच बंद केल्या. सिनेमात याहून कितीतरी जास्त रक्त सांडतं, ते मात्र याच वयाची मुलं तिकीट काढून बघतात. म्हणजे नुसतं रक्त पुरत नाही, ते खोटं असल्याची खात्री लागते. ही गंमत सांगलीला नवी नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथेच 'सीतास्वयंवर' रंगवलं, आणि त्या परंपरेतले राक्षस 'अलल्डुर्र' करत, आरडाओरडा करत रंगमंचावर यायचे. तो धिंगाणा हे त्या खेळांचं मोठं आकर्षण असे.

आता, जोकरच का? सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी सर्कस काढली, त्या जिल्ह्याला जोकर हसवायला असतो हे सांगायला नको. पण 2016 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रँक मॅकॲन्ड्रू यांच्या पाहणीत 1341 लोकांना कुठल्या व्यवसायातली माणसं विचित्र, अंगावर येणारी वाटतात असं विचारलं, तेव्हा जोकर पहिला आला. रंगवलेलं हसू हलत नाही. खालचा माणूस चिडलाय की खूश आहे, हे कळायला मार्ग नाही, आणि मेंदूला उघड धोक्यापेक्षा असली संदिग्धता जास्त छळते.

माझा लाडका भाग यापुढे आहे. जोकर कपाटातून उडी मारतो. मेंदूतल्या, भीती ओळखणाऱ्या अमिग्डालाकडून हायपोथॅलॅमस या मेंदूतल्याच नियंत्रण केंद्राला, तिथून चेतातंतूंमार्फत मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना इशारा जातो आणि ॲड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात उतरतं. हृदयाच्या पेशींवर बीटा ग्राही, म्हणजे ॲड्रेनलिन पकडणारी प्रथिनं, असतात. ॲड्रेनलिन तिथे चिकटलं की पेशीच्या आतलं जी-प्रथिन जागं होतं, ते एका विकराला (एन्झाइमला) कामाला लावतं, विकर सायक्लिक एएमपी नावाचे रेणू भराभर बनवतं, त्यातून आणखी एक विकर जागं होऊन कॅल्शियमची दारं उघडतं, आणि ठोका जोरात पडतो. साखळीच्या काही टप्प्यांवर संदेश अनेक पटींनी वाढतो, म्हणून ॲड्रेनलिन चिमूटभरही लागत नाही.

हे सगळं थांबतं कसं, ते त्याहून मजेचं. हृदयाला ब्रेक लावणारी व्हेगस चेता ॲसिटिलकोलिन हे रसायन सोडते. ते मिलिसेकंदांत तुटतं, त्यामुळे तिचा लगाम क्षणात आवळतो आणि क्षणात सुटतो. ॲड्रेनलिनचं तसं नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच दोन-तीन मिनिटं लागतात. इकडे मेंदूच्या बाह्यस्तराने, म्हणजे विचार करणाऱ्या भागाने, 'अरे, रबराचा हात आहे' हे केव्हाच ओळखलेलं असतं. भीती संपली, पण शरीर अजून धावतंच आहे. गॅस बंद केल्यावरही तवा तापलेला राहतो आणि पुढची भाकरी त्यावरच भाजते, तसं काहीसं. डॉल्फ झिलमन यांनी 1970च्या दशकात मांडलं की ही उरलेली उत्तेजना पुढच्या भावनेला जाऊन चिकटते, कारण छातीतल्या धडधडीवर कारणाची चिठ्ठी लावलेली नसते. सुटकेचा साधा नि:श्वास मग खदाखदा हसू होतो. नातू खिदळतो तो इथे.

हेच ॲड्रेनलिन आठवणही पक्की करतं. ते थेट मेंदूत फारसं शिरत नाही. व्हेगस चेतेमार्फत अमिग्डालात त्याच्याच जातीचं नॉरॲड्रेनलिन वाढवतं आणि तो प्रसंग घट्ट बसतो. सिनेमा संपल्यावर चार दिवसांनी रात्री मोरीकडे जाताना जोकर आठवतो तो त्यामुळे. घरोघरी यावर मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात. त्याने ठसका लागतो, एवढंच. मिरजेत वैद्यकीय शिक्षण घेतलेले नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर ओरडून सांगत राहिले की असल्या 'बाधे'ला बाहेरचं काही लागत नाही. लहान पोरांना मात्र असले सिनेमे दाखवू नयेत, कारण हे खोटं आहे म्हणणारा त्यांचा बाह्यस्तर अजून कच्चा असतो. भयपट पाहून वजन उतरतं, हा फिरता मेसेजही सोडून द्या. त्याचं मूळ 2012 सालच्या, सिनेमे भाड्याने देणाऱ्या कंपनीने करवून घेतलेल्या अवघ्या 10 माणसांवरच्या चाचणीत आहे.

राहता राहिला स्वस्तपणा. डेन्मार्कमधल्या एका भयघरात, म्हणजे मुद्दाम घाबरायला जायच्या जागेत, 110 लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले. 2020 साली आलेला निष्कर्ष असा की मजा सर्वाधिक मधल्या भीतीत आहे. कमी भीतीत कंटाळा, फार भीतीत नुसता त्रास. स्वस्त सिनेमा नेमका या मधल्या भीतीपाशी बसतो. खरं रक्त वाळताना हिमोग्लोबिनचं ऑक्सिडीकरण होऊन तपकिरी पडतं. इथलं मात्र तासाभरानेही सरबतासारखं लालचुटुक चमकत असतं, आणि खोटेपणाचा पुरावा दर प्रसंगाला मिळत राहतो. तरी दचकायला होतंच, कारण दचकणं मुख्यतः कानातून, मेंदूच्या खोडातून जातं आणि बाह्यस्तराची परवानगी घेत नाही. खात्री करायची असेल तर तोच कपाटाचा प्रसंग आवाज बंद करून लावा. जोकर बाहेर येतो, कुऱ्हाड पडते, आणि तुम्ही शेंगा सोलत बसता.