मुठेतल्या लाल अळ्या

पुण्यात भिडे पुलाजवळ मुठा नदीकाठचा दगड उलटला, तर खालच्या काळ्या गाळात लालभडक, दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत होत्या. आठवीची मुलं "ई!" करत मागे सरली. मग एक मुलगी पुन्हा पुढे येऊन वाकली. "ताई, या इतक्या लाल का?"

या कायरोनोमसच्या अळ्या, म्हणजे डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या एका कीटकाच्या. आपल्या रक्तासारखंच त्यांच्या अंगातही हिमोग्लोबिन असतं, म्हणून पाण्यात ऑक्सिजन अगदी थोडा उरला तरी त्यांचं भागतं. २५ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. सांडपाणी मिसळलं की मैल्यावर जगणारे जिवाणू भराभर वाढतात आणि हा साठा फस्त करतात. मासे गुदमरतात, लाल अळ्या तग धरतात.

आठवडाभर आधी हीच मुलं खडकवासला धरणाच्या वरच्या अंगाला, मुठेच्याच काठी गेली होती. तिथल्या दगडांना मेफ्लाय या कीटकाची पिल्लं चिकटलेली होती. पोटाच्या दोन्ही बाजूंना नाजूक कल्ले, भिंगातून पाहिलं तर सारखे हलणारे. पाण्यातला ऑक्सिजन घटला की सर्वांत आधी नाहीशी होणाऱ्यांपैकी ही.

पर्यावरण हा विषय सक्तीचा करावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली मान्य केलं. पुढे पुस्तकं आली, प्रकल्पवह्या आल्या. या मुलांनाही जलप्रदूषणाची कारणं तोंडपाठ होती. पण आपल्या घरच्या संडासातलं पाणी कुठे जातं, हे एकालाही सांगता येईना. दोष मुलांचा नाहीच. दर ५ जूनला आपण त्यांच्याकडून पोस्टर रंगवून घेतो, नदीवर मात्र नेत नाही. मला वाटतं, एकच जागा धरून वर्षभर दर महिन्याला तिथे जावं, ऑक्सिजन मोजावा, किडे ओळखावेत, वहीत नोंद करावी. धरणातून पाणी सोडलं की काय बदलतं आणि उन्हाळ्यात काय होतं, हे मग शिकवावं लागत नाही.

परतल्यावर वर्गात नकाशा पसरला. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनी धरणात शिरते. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं. एका मुलाचं बोट नदीवरून तसंच पुढे सरकत पंढरपुरावर थांबलं. त्याचे आजोबा दरवर्षी वारीला जातात. "म्हणजे चंद्रभागेत आबा अंघोळ करतात," तो हळूच म्हणाला, "ते आपलंच पाणी?"