हळू वाळवला की वाडगा वाकत नाही? वाकतोच!

लेथवर (लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर) ओल्या लाकडाचा वाडगा कातणाऱ्यांत "कागदी पिशवीत घालून हळूहळू वाळवा, वाडगा अजिबात वाकणार नाही" हे जे वर्षानुवर्षं फिरतंय ना, ते अर्धंच खरंय. हळू वाळवल्याने तडे टळतात, कारण बाहेरचा थर आतल्याच्या फार आधी आकसत नाही. वाकणं वेगळं. लाकूड वलयांच्या कडेकडेने जेवढं आकसतं ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं आणि लाकडाच्या तंतूंच्या लांबीत तर जवळपास शून्य, त्यामुळे लेथवर गोल असलेला ओला वाडगा वाळल्यावर लंबगोल होणारच, पिशव्या कितीही गुंडाळा. म्हणून तर रफ करताना, म्हणजे ओल्या लाकडातून पहिल्यांदा ढोबळ आकार कातताना, वाळल्यावर पुन्हा कातून गोल करता यावा इतकी भिंत जाड ठेवतात, व्यासाच्या साधारण १० टक्के, म्हणजे १० इंची वाडग्याला १ इंच. अधूनमधून वजन करत राहा, उतरायचं थांबलं की वाळला. मग लगेच चकमध्ये (लेथच्या पकडणाऱ्या जबड्यात) आवळू नका, बुडाची पकडायची खुंटीसुद्धा लंबगोल झालेली असते, आधी वाडग्याचं तोंड लाकडी ठोकळ्यावर टेकवून मागून सेंटरने (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या टोकदार आधाराने) दाबायचं आणि खुंटी गोल करून घ्यायची. वाकला म्हणून चांगला वाडगा फेकणाऱ्यांचं मला नवलच वाटतं. ऐन मधला गाभाच वाडग्यात राहिलाय का ते बघा, चिरायची खरी भीती तिथे.