बिया काढल्या तरी सरबत झोंबतंच
इंदूरला जामाच्या, म्हणजे पेरूच्या, सरबतात हिरवी मिरची घालायची झाली की आमच्या मावशी आधी बिया झटकतात. "आता पोरंही पितील!" पोरं पितात आणि नाचतात.

अहो मावशी, जाळ बियांत नसतोच. मिरची उभी चिरून बघा: बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात, मिरचीला तिखट करणारं कॅप्सायसिन तिथे तयार होतं. बिया तिखट लागतात त्या केवळ शेजारामुळे. ती शीर सुरीने खरवडा.

कॅप्सायसिन पाण्यात जेमतेम विरघळतं, अल्कोहोलात सहज. म्हणून व्होडकात टाकलेली मिरची तासाभरात चढते. १९१२ साली अमेरिकी औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनीही तिखटपणा मोजताना मिरचीचा अर्क अल्कोहोलातच काढला होता. आणि काळ्या कॉफीत तिखट जास्त झालं, तर वरून पाणी नको, दूध ओता.