डसणारं विष आणि बाधणारं विष

शाळा उघडल्या की एक बातमी ठरल्यासारखी येते. खिचडीत पाल पडली, अमुक इतक्या मुलांना विषबाधा. गाव बदलतं, मुलांचा आकडा बदलतो, पाल तीच. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, म्हणून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच मला विचारणा होते, "पाल किती विषारी असते रे?"

नसते. घरातल्या पालीच्या दातांत विष नाही, कातडीत नाही, शेपटीतही नाही. तिच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात, तेव्हा ती पडलेलं दूध ओतून द्यावं हे खरंच. पण रटरट उकळणाऱ्या खिचडीत साल्मोनेला तग धरत नाही. उलट, शिजलेला भात तासन्‌तास कोमट पडून राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढतो, आणि उलट्या करायला लावणारं त्याचं विष भात पुन्हा गरम केला तरी जात नाही. त्या जंतूचा फोटो छापता येत नाही, पालीचा येतो.

असो. त्या प्रश्नात मला जास्त खुपतो तो 'विषारी' हा शब्द. नाग विषारी, विंचू विषारी, बेडकाच्या जातीतला भेकही विषारी. आपलं विशेषण सगळ्यांना एकच. इंग्रजीत व्हेनमस (डसून विष देणारा) आणि पॉयझनस (खाल्ल्यावर बाधणारा) असे दोन शब्द आहेत, आपल्याकडे नाहीत, अशी खंत विज्ञानलेखक अधूनमधून व्यक्त करतात. मला ती पटत नाही. विशेषण एक असेल, क्रियापदं दोन आहेत. साप डसतो. खाल्लेलं बाधतं. नाग बाधला असं कुणी म्हणत नाही आणि मासा खाऊन आजारी पडलेला माणूस 'मासा डसला' असं सांगत नाही. सुश्रुतसंहितेत तर जंगम, म्हणजे प्राण्यांच्या, विषाची सोळा ठिकाणं मोजली आहेत : दाढ, नख, लाळ, आणि चक्क दृष्टीसुद्धा. नजरेतलं विष सोडून देऊ, पण प्रश्न नेमका आहे. विष अंगात कुठे आहे आणि बाहेर कसं येतं?

मला हे कळलं ते मामाच्या गावी, मालवणकडच्या किनाऱ्यावर. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की वाळूवर ढीग पडायचा. त्यातल्या शिंगाळ्याला मामा फडक्याशिवाय हात लावायचा नाही. पाठीवर एक आणि दोन बाजूंना एकेक काटा, करवतीसारखा दातेरी. ते काटे कटाकट मोडून मगच मासा टोपलीत. पाकटाची शेपटी काट्यासकट तिथल्या तिथे छाटली जायची. आणि संध्याकाळी हेच दोघे तिरफळं घातलेल्या कालवणात. ढिगात एखादा केंड असला तर तो टम्म फुगून, पांढरं पोट वर करून पडलेला असायचा. त्याला विषारी काटा नाही, डंख नाही. त्याची चोचीसारखी दातपट्टी जाळी कातरते म्हणून रापणकर त्याला शिव्या घालायचे, पण विषाच्या दृष्टीने हातात धरायला तो निर्धोक. तरीही तो कुणी घरी नेत नसे. शिंगाळा डसतो पण बाधत नाही. केंड डसत नाही पण बाधतो, आणि असा बाधतो की माणूस उठत नाही.

शिंगाळ्याच्या काट्यातलं विष प्रथिनांचं. प्रथिनं उष्णतेने मोडतात, म्हणून काटा लागला तर हात सोसवेल इतक्या, साधारण ४५ अंशांच्या, गरम पाण्यात बुडवून ठेवतात. कालवणात तर ती शिजूनच जातात. सापाचं विषही मुख्यतः प्रथिनांचंच. पोटात गेलं तर डाळीतल्या प्रथिनांसारखं पचायचं. (करून पाहू नका. तोंडात फोड किंवा पोटात व्रण असला तर हिशोब बदलतो.) एवढे मोठे रेणू आतड्याच्या भिंतीतून सहज आत जात नाहीत, त्यांना सुई लागते. ती सुई म्हणजे दात, नांगी, काटा. बाधणारी विषं बहुधा इवल्या रेणूंची असतात. ती पचत नाहीत आणि आतड्यातून सरळ रक्तात जातात. केंडाचं विष, टेट्रोडोटॉक्सिन, कालवण कितीही उकळलं तरी शाबूत राहतं. प्रौढ माणसाला एक-दोन मिलिग्रॅम पुरे.

प्रतिविषाचं गणितही इथेच आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष थोडंथोडं घोड्याला टोचलं की त्याचं शरीर त्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. तीच गाळून आपण सर्पदंशावर देतो. एकटा इवला रेणू प्रतिकारशक्तीच्या सहसा नजरेतच येत नाही. केंड बाधलेल्याला द्यायला असं औषध नाही, विष ओसरेपर्यंत कृत्रिम श्वासावर ठेवायचं. आणि मंत्राने विष उतरवणाऱ्यांबद्दल एवढंच : चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधीकधी विष न सोडता नुसताच चावतो. मांत्रिकाची कीर्ती या दोन सापांच्या जिवावर आहे.

आता माझ्या आवडीचा भाग. चेतापेशीच्या पटलात सोडियमसाठी दारं असतात. बाहेर सोडियम भरपूर, आत कमी, आणि आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण. संदेश आला की दार उघडतं, हजारो सोडियम आयन आत घुसतात, आतली बाजू क्षणभर धन होते आणि त्या धक्क्याने शेजारचं दार उघडतं. असा संदेश पुढे सरकतो. (हॉजकिन आणि हक्स्ली यांनी हे माकुळाच्या जाडजूड चेतातंतूवर शोधलं आणि १९६३ चं नोबेल मिळवलं.) मला भुरळ पडते ती दार उघडण्याची नाही, बंद होण्याची. एखाद्या मिलिसेकंदात आतल्या बाजूने प्रथिनाचा एक बोळा येऊन वाट बुजवतो. आयसोल्युसिन, फेनिलॲलॅनिन, मेथिओनिन, तीन अमिनो आम्लांचा बोळा. विद्युतदाब पूर्ववत होईपर्यंत तो निघत नाही, म्हणूनच संदेश उलटा फिरत नाही.

या एकाच दाराशी दोन विषं दोन खेळ करतात. टेट्रोडोटॉक्सिनच्या एका टोकाला धन भार असतो. तो सोडियमच्या वाटेने दाराच्या बाहेरच्या तोंडात शिरतो, पण बाकीचं अंग मोठं, तिथेच अडकतं. बाटलीला बूच बसल्यासारखं. १९६४ मध्ये तोशिओ नाराहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवंडाच्या चेतातंतूवर हे दाखवलं. आधी ओठ बधिरतात, मग हातपाय, शेवटी श्वासाचे स्नायू. माणूस बराच काळ शुद्धीवर असतो. १७७४ मध्ये न्यू कॅलेडोनियात कॅप्टन कुकने असल्या माशाचं यकृत जरासं चाखलं. रात्री हातात पाण्याने भरलेलं भांडं घेतलं काय आणि पीस घेतलं काय, दोन्ही सारखंच लागत होतं. तो वाचला. माशाची आतडी खाल्लेलं डुक्कर मेलं. हृदय मात्र यात उशिरापर्यंत चालू राहतं, कारण हृदयातल्या सोडियमच्या दाराच्या तोंडाशी एक अमिनो आम्ल वेगळं आहे, बूच नीट बसत नाही. केंडाच्या स्वतःच्या दारांतही असेच बदल झालेले आहेत, म्हणून तो स्वतः मरत नाही. विष मुळात तो बनवतही नाही. ते जिवाणूंचं, खाण्यातून साठत गेलेलं.

कोकणातला लाल विंचू नेमकं उलट करतो. दाराचे चार कप्पे असतात. चौथ्या कप्प्यात विद्युतदाब ओळखणारा जो भाग आहे तो हलला तरच बोळा बसतो. विंचवाचं विष तो भागच धरून ठेवतं. बोळा बसत नाही, दार उघडं राहतं, चेतापेशी संदेशांवर संदेश पाठवत सुटते. भरीला त्याच विषात पोटॅशियमची दारं बंद करणारी पेप्टाइडं, म्हणजे छोटी प्रथिनं, असतात, म्हणजे पेशीला शांत करणारी वाटही अडते. घामाच्या धारा, थंडगार हात, भडकलेला रक्तदाब, फुप्फुसात पाणी. विंचवाने दारावर जे केलं ते सोडवत न बसता त्यातून उठलेलं वादळ आवरायचं, हा मार्ग महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी घेतला आणि रक्तदाबाचं प्राझोसिन देऊन कित्येक जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मग डसणारं ते प्रथिन आणि बाधणारा तो इवला रेणू, असा नियम करून मोकळं व्हावं का? नाही. ऑस्ट्रेलियाच्या आसपास सापडणारा निळ्या वलयांचा ऑक्टोपस चावून जे विष सोडतो ते टेट्रोडोटॉक्सिनच. केंडात बाधणारं, ऑक्टोपसात डसणारं. रेणू तोच, वाट वेगळी.

आणि दोन्ही कामं करणारा साप जपानमध्ये आहे. आपल्याकडच्या गवत्याच्याच प्रजातीतला हा टायगर कीलबॅक. मागच्या दातांनी विष देतो. शिवाय भेक खातो, पचवतो आणि भेकाच्या कातडीतलं विष आपल्या मानेवरच्या ग्रंथींत साठवतो. शत्रू समोर आला की पळत नाही, मान वाकवून तीच पुढे करतो : घे, खा. किंकासान बेटावर भेक नाहीत, त्यामुळे तिथल्या सापांच्या मानेत हे विष नसतं. भेक न मिळणारे असे साप मान दाखवत बसण्यापेक्षा पळ काढणं जास्त पसंत करतात.