इंजिनाचे अतितापन

मोटारीच्या इंजिनातील शीतनद्रवाचे (कूलंटचे, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचे) तापमान नेहमीच्या मर्यादेबाहेर जाणे म्हणजे अतितापन होय. मराठवाड्यातील गॅरेजांत यालाच ‘गाडी हीट होणे’ म्हणतात. बहुतेक मोटारींत नेहमीचे तापमान साधारण ८५ ते १०५ अंश सेल्सियस असते. एप्रिल-मे महिन्यांत परभणी, नांदेडकडे पारा ४२ अंशांपुढे जात असल्याने दोष उन्हाला दिला जातो. परंतु निरोगी शीतनयंत्रणा एवढी उष्णता सहज पेलते, ऊन केवळ आधीपासूनच दबून असलेला बिघाड उघड करते.

तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागल्यास एसी बंद करून हीटर पूर्ण लावावा, कारण हीटर हा एक छोटा रेडिएटरच (पाण्यातील उष्णता हवेत सोडणारी नळ्यांची जाळी) असतो, आणि गाडी सुरक्षित जागी उभी करून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. झाकणामुळे यंत्रणेत सुमारे १ बार जादा दाब टिकतो व पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते. दाब सुटताच ते उसळून चेहरा व हात भाजतात. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

गाडी नेमकी केव्हा तापते, यावरून निदानाची दिशा ठरते. उभ्या गाडीत किंवा बाजारातील गर्दीत तापून मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर पंखा, त्याचा फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा मोटर तपासावी. बहुतेक गाड्यांत एसी लावताच पंखा फिरायला हवा. चाळीसगावाकडून कन्नडचा घाट चढताना किंवा सलग वेगात तापत असेल, तर रेडिएटर तुंबल्याचा किंवा वॉटर पंप कमजोर झाल्याचा संशय घ्यावा. तुंबणे बाहेरूनही होते: उसाचे पाचट, कापसाचे तंतू व कच्च्या रस्त्याची धूळ जाळीत अडकून हवा रोखतात.

आतून तुंबण्याचे कारण मात्र या भागात बहुधा पाणी हेच असते. मराठवाड्यात पुष्कळ ठिकाणी बोअरचे पाणी जड असते आणि पाणी कमी झाले की बाटलीभर तेच रेडिएटरमध्ये ओतले जाते. त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार चहाच्या भांड्याप्रमाणेच नळ्यांच्या आतल्या बाजूस थर धरतात. हा थर उष्णता अडवतो व नळ्या अरुंद करतो. म्हणून कूलंट डिस्टिल्ड पाण्यात, उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात मिसळून भरावे. वाटेत नाइलाजाने बोअरचे पाणी घालावे लागले, तर नंतर यंत्रणा धुऊन घ्यावी.

काही मिस्त्री तापणारी गाडी ‘बरी’ करण्यासाठी थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी रोखणारी झडपच, काढून टाकतात. हा उपाय नव्हे. इंजिन त्यामुळे उशिरा तापते, इंधन जास्त लागते आणि काही इंजिनांत पाण्याचा बराच भाग रेडिएटरला वळसा घालून निघून जातो, त्यामुळे तापणे उलट वाढते.

बाहेर कोठेही गळती नसता पाणी वारंवार कमी होणे, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येणे, डिपस्टिकवरील (ऑइल मोजण्याच्या पट्टीवरील) ऑइल दुधट दिसणे किंवा इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत राहणे ही हेड गॅस्केट (हेड व इंजिनाचा खालचा भाग यांमधील सील) गेल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी गाडी पुढे न चालवता हेड उतरवून त्याचा सपाटपणा तपासतात, वाकले असल्यास फेसिंग करतात, म्हणजे घासून सपाट करतात, आणि नवे गॅस्केट बसवतात.